नवी नोकरी, जुना आजार: पहिल्या तीन महिन्यांचं नियोजन

नव्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यातली एक सकाळ मला अजून लख्ख आठवते. शर्टाची सहा बटणं लावायला मला अकरा मिनिटं लागली. बोटं सुजली होती, वळत नव्हती. तिसरं बटण काजात जाता जाता निसटलं आणि मी पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिले. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आमवात. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. नव्या ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं आणि कळू द्यायचंही नव्हतं. म्हणून पहिला आठवडाभर मी सगळ्यांच्या आधी येत होते, सगळ्यांच्या नंतर निघत होते, आणि कुणी काहीही विचारलं की "हो, मी करते" म्हणत होते. तो एक आठवडा मला पुढचे दोन महिने फेडावा लागला.

त्यातून कळलेली गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पहिल्या पंधरा दिवसांत तुम्ही जो वेग दाखवता, तोच तुमचा नेहमीचा वेग म्हणून लोकांच्या डोक्यात बसतो. नंतर तो कमी झाला की "हिचं लक्ष उडालं" असं वाटतं. तेव्हा सुरुवातीचा वेग आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसावर बेतू नका. बरा नाही आणि वाईटही नाही, अशा मधल्या दिवशी जेवढं जमतं तेवढंच पहिल्या दिवसापासून द्या.

मधुमेह, थायरॉइड, दमा, मायग्रेन, क्रोन्स (आतड्यांचा दाह), ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आणखी एक आजार), एपिलेप्सी (अपस्मार, झटक्यांचा आजार), न संपणारा थकवा, नावं वेगळी असली तरी नव्या जागी अडचणी बऱ्याचशा सारख्याच येतात. मी डॉक्टर नाही. औषधाच्या वेळेत किंवा डोसमध्ये कुठलाही बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

पायरी १: रुजू होण्याआधीचे पंधरा दिवस

आधी डॉक्टरांची वेळ घ्या. नेहमीच्या तपासणीत "कसं वाटतंय" यातच वेळ जातो, म्हणून या भेटीसाठी प्रश्न लिहूनच न्या. कामाचं स्वरूप सांगा: बसून की उभं राहून, किती तास, रात्रपाळी आहे का, उन्हात जावं लागेल का, प्रवास किती. मग विचारा की यातलं माझ्या आजाराला सगळ्यात जास्त काय बाधेल. ल्युपस असलेल्याला खिडकीतून येणारं ऊन त्रास देऊ शकतं. एपिलेप्सी असलेल्याला जागरण घातक ठरू शकतं, कारण अपुरी झोप हे झटका येण्याचं नेहमीचं कारण आहे. हे आधी कळलं तर जागा आणि पाळी मागून घेता येते. त्याच भेटीत, गरज पडली तर द्यायला, एक छोटं पत्र मागून ठेवा. त्यात आजाराचा इतिहास नको. कामावर कोणत्या सोयी लागतील एवढंच असावं.

दुसरं काम औषधांच्या साठ्याचं. नोकरी बदलताना आरोग्यविम्यात खंड पडू शकतो. जुनं संरक्षण नेमकं कोणत्या तारखेला संपतं, नवं कधी सुरू होतं आणि आधीपासून असलेल्या आजाराला ते लगेच लागू होतं की काही काळ थांबावं लागतं, हे एचआरला लेखी विचारा. असे प्रश्न नवा येणारा प्रत्येकजण विचारतो, त्यावरून तुमचा आजार कुणाला कळत नाही. तरीही निदान महिनाभराची औषधं घरात असू द्या.

तिसरं काम बहुतेक लोक टाळतात: रंगीत तालीम. रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात तीन दिवस सलग, नोकरी असल्यासारखं उठा, आवरा, औषधं घ्या आणि एक दिवस खरोखर त्याच वेळी ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन या. किती पायऱ्या आहेत, कुठे उभं राहावं लागतं, पोचेपर्यंत अंगात किती त्राण उरतं, हे अंदाजाने कळत नाही. उठण्याची वेळ दोन तासांनी अलीकडे आणायची असेल तर एका रात्रीत आणू नका. दर दोन दिवसांनी वीस मिनिटं, असं करत या.

पायरी २: औषधांचं घड्याळ नव्या दिवसाला जुळवणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या नोकरीत आजार बिघडण्याचं सगळ्यात साधं कारण मी हेच पाहिलं आहे: जुन्या दिवसाला बांधलेली औषधं नव्या दिवसात सुटतात.

थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन घ्या. ही गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. पूर्वी दहाला घराबाहेर पडणारा माणूस आता सातला पडू लागला की गोळी, चहा आणि कॅल्शियम अर्ध्या तासात कोंबले जातात. दोन महिन्यांनी रिपोर्ट बिघडतो आणि दोष नोकरीच्या ताणाला दिला जातो. त्यावर उपाय सोपा आहे. गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवायचा, डोळे उघडल्याबरोबर गोळी घ्यायची आणि मग आवरायला लागायचं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोनसारखी गोळी, साधारणपणे सकाळी आणि काहीतरी खाऊन घ्यायला सांगतात. पोट सांभाळलं जातं आणि रात्रीची झोपही उडत नाही. घाईत सकाळचा डोस राहिला आणि संध्याकाळी आठवला तर काय करायचं, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. रोजची स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

माझं औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यामुळे लोकांचे जीव गेले आहेत. नवी नोकरी, नवं वेळापत्रक, डोक्यात शंभर गोष्टी, अशा काळात ही चूक सहज होऊ शकते. म्हणून पाकिटावर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आहे आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो वार पाठ आहे. पूर्वी मी ते रविवारी रात्री घ्यायचे. सोमवारी मळमळ आणि डोकं जड, पण घरून काम असल्याने निभायचं. नव्या ऑफिसात सोमवारी सकाळीच मोठी मीटिंग असायची. तीन सोमवार मी त्या मीटिंगमध्ये टेबलाची कड घट्ट धरून बसले आहे. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सल्ल्याने डोस शुक्रवारी रात्रीवर आणला. आता मळमळ सुट्टीच्या दिवशी येते. हा फोन मी रुजू होण्याआधीच करायला हवा होता.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ऑफिसातल्या फ्रिजवर विसंबू नये. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचं असतं, पण वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं. नेमके दिवस आपल्या पेनच्या कागदावर पाहा. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ते मागच्या भिंतीला टेकून गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

एका कागदावर नव्या दिवसाचं घड्याळ मांडा: उठणं, औषध, खाणं, निघणं, पोचणं, दुपारचं औषध, परतणं, झोप. दुपारच्या औषधाला मोबाइलचा गजर लावा आणि त्याला औषधाचं नाव देऊ नका. माझ्या गजराचं नाव "फाइल पाहणे" आहे. मोबाइल टेबलावर पडलेला असताना स्क्रीनवर काय उमटतं, ते शेजारच्यालाही दिसतं.

पायरी ३: सांगायचं का, कुणाला, किती

याचं एकच बरोबर उत्तर नाही, पण एक ठाम अपवाद आहे. तुमच्या आजारात अचानक शुद्ध हरपू शकत असेल, झटका येऊ शकत असेल, श्वास अडकू शकत असेल किंवा साखर घसरू शकत असेल, तर पहिल्याच आठवड्यात निदान एका शेजारी बसणाऱ्या माणसाला सांगा. काय झालं तर काय करायचं, काय करायचं नाही आणि कुणाला फोन करायचा, हे तीन ओळींत लिहून द्या. झटका आला तर तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये, कुशीवर वळवावं आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलवावी, एवढं माहीत असलेला एक माणूस जवळ असणं गुपित जपण्याहून कितीतरी मोलाचं आहे.

बाकीच्यांसाठी माझं मत असं. सोय हवी असेल तर सांगा, सहानुभूती हवी म्हणून पहिल्या महिन्यात सांगू नका. माणसं अजून ओळखीची नसतात, आणि तुमच्याबद्दल त्यांना कळलेली पहिली गोष्ट आजार असेल तर पुढची प्रत्येक गोष्ट ते त्याच चष्म्यातून पाहतात. आणि सांगायचंच असेल तर त्रास वाढण्याआधी सांगा. दोन डेडलाइन चुकल्यावर सांगितलेलं खरं कारणसुद्धा सबबीसारखं ऐकू येतं.

सोय मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही, हे स्वतःला आधी पटलेलं असू द्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या करारात दीर्घकालीन शारीरिक आणि मानसिक दुर्बलतांचा विचार केला आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच मानला आहे. तुमचा आजार त्यात कुठे बसतो ते तुमच्या देशाच्या कायद्यावर ठरतं. तो कायदा आणि आपलं नेमणूकपत्र, दोन्ही बोलायला जाण्याआधी वाचा.

माझं बोलणं असं झालं होतं. मी पाचव्या आठवड्यात गेले. तिसऱ्यात गेले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, दहा मिनिटं मिळतील का? कामाच्या वेळांबद्दल बोलायचं होतं."

"हो, बस ना."

"मला आमवात आहे. उपचार चालू आहेत आणि काम मला नीट करता येतं. फक्त सकाळी तास-दीड तास बोटं आखडलेली असतात. टायपिंगची मोठी कामं मी साडेदहानंतर घेतली तर वेळेत होतील. आणि दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी अर्धा दिवस लागेल, त्याची तारीख मी पंधरा दिवस आधी सांगेन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि एखाद्या दिवशी अचानक वाढलं तर?"

"तर आठच्या आत तुम्हाला मेसेज येईल. काम कुठवर आलंय ते रोज संध्याकाळी फाइलमध्ये लिहून ठेवते, त्यामुळे कुणालाही पुढे नेता येईल."

"मग सकाळच्या मीटिंगची टिपणं दुसऱ्या कुणाला देते," त्या म्हणाल्या. "तू आधी का नाही बोललीस?"

आजाराला एक वाक्य, कामावर होणाऱ्या परिणामाला एक, मग मागणी, आणि शेवटी वाईट दिवसाची सोय. एवढं पुरतं. रिपोर्टचे फोटो दाखवू नका, माफी मागू नका, "मी कधीच सुट्टी घेणार नाही" असलं वचन तर देऊच नका. त्याच दिवशी ठरलेलं तीन ओळींच्या ईमेलने कळवा: "आज बोलल्याप्रमाणे..." मॅनेजर बदलला तर हीच ईमेल कामी येते.

सगळ्यांनाच असे मॅनेजर भेटत नाहीत. "आधी प्रोबेशन संपू दे, मग बघू" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. ईमेल मात्र तरीही पाठवा, आणि पुढची पायरी म्हणून एचआरकडे डॉक्टरांचं पत्र घेऊन जा.

पायरी ४: जागा ओळखून घ्या

पहिल्या दिवशी सगळे माणसांची नावं पाठ करतात, तुम्ही जागाही पाठ करा. लिफ्ट बंद पडली तर जिना कुठे आहे, एसीचा झोत कुठल्या टेबलावर येतो, पाच मिनिटं एकटं बसता येईल अशी खोली कुठली. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) असलेल्यांनी प्रत्येक मजल्यावरचं स्वच्छतागृह पहिल्याच दिवशी पाहून ठेवावं आणि बसायची जागा ठरण्याआधीच त्याच्या जवळची मागावी. जागा एकदा वाटून झाल्या की बदल करून घेणं अवघड जातं.

खणात एक पिशवी ठेवा. माझ्या पिशवीत दोन दिवसांची औषधं, पाण्याची बाटली, मनगटाचा पट्टा, एक शाल, डॉक्टरांचा नंबर लिहिलेलं कार्ड आणि पोटात घालायला कोरडं काहीतरी असतं. मधुमेह असलेल्यांच्या पिशवीत ग्लुकोज हवंच. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की १५ ग्रॅम झटपट साखर घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. मीटिंग चालू असली तरी हे तिथेच बसून करायचं, "संपल्यावर बघू" चालणार नाही.

पायरी ५: शक्तीचा जमाखर्च

एक लहान वही घ्या. रोज रात्री तीनच गोष्टी लिहा: झोप किती झाली, आज सगळ्यात जास्त दमवणारं काय होतं, आणि त्रास दहापैकी किती. दोन मिनिटांचं काम आहे.

वहीची खरी किंमत तिसऱ्या आठवड्यात कळते. श्रम आणि त्रास एकाच दिवशी येतातच असं नाही. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजे दीर्घकालीन थकव्याच्या आजारात, जास्त श्रम झाल्यावर येणारी घसरण बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी येते. मंगळवारी सहा तास ट्रेनिंग झालं, बुधवार ठीक गेला आणि गुरुवारी माणूस उठूच शकला नाही, तर तो गुरुवारालाच दोष देत बसतो. वहीत मात्र मंगळवार दिसतो. माझ्या वहीत मला वेगळंच काहीतरी सापडलं. टायपिंगपेक्षा मला जास्त दमवत होतं ते अनोळखी माणसांशी दिवसभर हसतमुख बोलणं. एका दिवसात दोनहून जास्त भेटी ठेवायच्या नाहीत, हे मी तेव्हा ठरवलं.

विश्रांती घड्याळावर घ्या. दमल्यावर घेतलेली विश्रांती उशिरा घेतलेली असते. दर पन्नास मिनिटांनी पाच मिनिटं, अंगात जोर असला तरीही. आणि चांगल्या दिवशी मागे पडलेलं सगळं उरकून टाकायचा मोह आवरा. मला तो अजूनही आवरत नाही. दिवस चांगला असला की दोन दिवसांचं काम करते आणि पुढचे तीन दिवस हातातून जातात.

संध्याकाळच्या गप्पा, टीमची पार्टी, यांना सरसकट नाही म्हणू नका, एकटे पडाल. अर्धा तास थांबा आणि निघायची वेळ आल्याआल्याच सांगा: "मी सात वाजता निघणार आहे." मग कुणी आग्रह करत नाही.

पायरी ६: वाईट दिवसाची तयारी चांगल्या दिवशी

दुखत असताना माणसाला नीट ठरवता येत नाही. म्हणून आधीच तीन प्रकारचे दिवस लिहून ठेवा. पहिला, ओढून नेता येईल असा: कामाला जायचं, पण फक्त आवश्यक तेवढंच करायचं. दुसरा, घरून किंवा अर्धा दिवस. तिसरा, पडून राहण्याचा. कोणत्या लक्षणावर कोणता दिवस, हेही लिहा. माझ्यासाठी खूण सरळ आहे: बाटलीचं झाकण उघडता येत नसेल तर दुसरा प्रकार, ताप असेल तर तिसरा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याने ताप अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं.

रजेचा मेसेजही आधीच टाइप करून ठेवा: "आज तब्येतीमुळे येऊ शकत नाही. अमुक फाइल ड्राइव्हवर आहे, तमुक काम उद्यावर ढकललं तर चालेल. दुपारी दोनला एकदा मेसेज पाहीन." सकाळी सहा वाजता, दुखत्या बोटांनी, अपराधी वाटत असताना हे शब्द सुचत नाहीत.

आणखी एक सापळा आहे. नव्या नोकरीत रजा घ्यायची नाही म्हणून गोळ्यांवर दिवस काढले जातात. मायग्रेन असलेल्यांनी विशेष जपावं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनसाठीच्या खास गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र वेदनाशामक गोळ्या १० किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. किती दिवस गोळी घेतली, ते वहीत येऊ द्या.

पायरी ७: घरी आणि बाकीच्यांशी

पहिले तीन महिने घरातली कामं कमी होणार आहेत हे घरच्यांना आधी सांगा, आणि कोणती कमी होणार तेही ठरवा. "जमेल तसं करू" म्हटलं की ती पुन्हा आपल्याच अंगावर येतात. सुट्टीचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी कुणाकडे जाणं नाही आणि तुंबलेली कामंही नाहीत.

"पण दिसतेस तर एकदम बरी" असं कुणीतरी म्हणणारच. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. "हो, आज बरी आहे" एवढं उत्तर पुरतं. कुणी उपाय सुचवले तर "डॉक्टरांना विचारते" म्हणा आणि विषय बदला. प्रत्येकाला समजावत बसलात तर तेवढीच शक्ती कामातून जाईल.

पायरी ८: तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस

एका निवांत सकाळी वही घेऊन बसा. पहिल्या महिन्याचे त्रासाचे आकडे एका बाजूला, तिसऱ्या महिन्याचे दुसऱ्या बाजूला. आकडे खाली आले असतील किंवा स्थिर असतील तर आहे तेच चालू ठेवा. चढत असतील तर आधी औषधांचं घड्याळ तपासा, मग झोप, मग वेग, आणि ही वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. "त्रास वाढलाय" यापेक्षा "दर बुधवारी सात, बाकी दिवस चार" यावरून त्यांना कितीतरी जास्त कळतं.

त्यानंतर मॅनेजरकडे एकदा पुन्हा दहा मिनिटं मागा. कोणत्या सोयीचा उपयोग झाला, कोणती आता लागत नाही, कोणती नवी हवी, ते सांगा. मी गेले तेव्हा साडेदहाची सवलत कायम ठेवली आणि बोटांवर कमी जोर लागणारा कीबोर्ड मागितला. तो आठ दिवसांनी आला. आता शर्टही मी बटणांचे घेत नाही, डोक्यावरून घालायचे घेते.